दगडाचा कौल आणि माणसाचा निर्णय

तुळजापूरला भवानीमातेच्या मंदिराच्या आवारात चिंतामणी नावाचा एक गोल दगड आहे. भाविक त्याच्यासमोर बसतो, दोन्ही तळवे दगडावर हलकेच टेकवतो आणि मनातला प्रश्न मनातच विचारतो. दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार, जागचा हललाच नाही तर कामाला वेळ लागणार, असा कौल लावण्याचा रिवाज आहे. शिवाजी महाराज मोहिमेवर निघण्यापूर्वी याच दगडाचा कौल घेत, अशी आख्यायिका सांगितली जाते. कौल घेणाऱ्याच्या दृष्टीने यातली मुख्य गोष्ट ही, की दगड त्याने वळवलेला नसतो. हात त्याचे, पण वळवणारी देवी. मानसशास्त्र याचा उलगडा निराळा करते. १८५३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये टेबल फिरवण्याच्या बैठकांचे वेड पसरले होते. मायकेल फॅरेडेने बसणाऱ्यांच्या हातांखाली पुठ्ठ्याचे सैल थर ठेवले आणि दाखवून दिले, की आधी हात सरकतात, टेबल त्यांच्या मागून सरकते. सरकवणाऱ्याला मात्र याचा पत्ताही नसतो. श्रद्धेचा उलगडा घ्या की विज्ञानाचा, त्या घटकेला माणूस अगदी प्रामाणिकपणे म्हणतो, की हे मी केले नाही. इच्छास्वातंत्र्यावर शंका घेणारे आजचे तत्त्वज्ञ आणि मेंदूशास्त्रज्ञ याच्या एक पाऊल पुढे जातात. त्यांच्या मते ही गोष्ट आपल्या प्रत्येक कृतीला लागू आहे. एरवी आपल्याला ‘हे मी केले’ असे वाटत राहते, एवढाच काय तो फरक.

या दाव्याचा नीट आढावा घ्यायचा तर आधी मराठीतल्या शब्दांचाच गुंता सोडवायला हवा. नशीब, दैव, प्रारब्ध, भोग, योग, विधिलिखित हे शब्द आपण एका दमात वापरतो, पण त्यांत दोन अगदी वेगळ्या कल्पना एकमेकींत मिसळल्या आहेत. एक दैववादाची: तुम्ही काहीही करा, व्हायचे ते होणारच. दुसरी कारणनियततेची: जे होते ते आधीच्या कारणांतून होते, आणि त्या कारणांत तुमचे करणेही आले. पहिलीत माणसाची धडपड वाया जाते. दुसरीत ती साखळीतली एक कडी असते. ती कडी काढली तर पुढचे घडत नाही. हा फरक धाराशिव जिल्ह्याने फार मोठी किंमत मोजून पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. नशिबात होते म्हणून लोकांनी कपाळाला हात लावला, आणि त्या दुःखात दुसरे काय सुचणार? पण ढिगारे उपसल्यावर जे दिसले ते असे होते: माणसे मेली ती बहुतांशी चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद अंगावर आल्याने. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधणारा आडवा दगड घातलेला नसे, म्हणून भिंत हादऱ्यासरशी फुटून दोन्ही बाजूंना कोसळली. भूकंपालाही कारणे होती आणि मृत्यूंनाही. पण मृत्यूंची कारणे भिंतींतून जात होती. भिंत बदलली तर त्याच भूकंपात माणूस वाचतो. जग कारणांनी बांधलेले आहे म्हणूनच घर वेगळे बांधण्यात अर्थ आहे. जगात कारणे आहेत एवढ्यावरून ‘मग काही करून उपयोग काय’ असा निष्कर्ष काढणारा या दोन कल्पनांची गल्लत करतो, आणि इच्छास्वातंत्र्याच्या चर्चेतला निम्मा गोंधळ या गल्लतीतून आलेला आहे.

आपल्याकडे ही गल्लत फार पूर्वीच कोणीतरी धरली होती. बुद्धाचा समकालीन असलेला आजीवक पंथाचा मक्खली गोशाल हा अस्सल दैववादी होता. बौद्ध ग्रंथांनी त्याचे मत नोंदवले आहे, त्यात सुताच्या गुंडीचा दाखला येतो. फेकलेली गुंडी जेवढे सूत तेवढी उलगडत जाते आणि मग थांबते. तसे मूर्ख आणि शहाणे दोघेही आपापले फेरे पुरे करतील, कोणाच्या प्रयत्नाने त्यात काही कमी-जास्त होणार नाही. बुद्धाने या मताचा कडक निषेध केला. याज्ञवल्क्यस्मृतीने मधला मार्ग धरला: रथ एका चाकावर चालत नाही, तसे पुरुषप्रयत्नावाचून दैव फळत नाही. ही तडजोड व्यवहाराला पुरते, विचाराला पुरत नाही, कारण प्रयत्न करण्याची बुद्धी तरी कुठून आली, हा प्रश्न तिने सोडूनच दिला. तो प्रश्न खरा अंगावर घेतला तो गीतेच्या अठराव्या अध्यायाने. तिथे कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवे दैव. मी एकटाच कर्ता असे समजणाऱ्याला नीट दिसत नाही, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. पुढे त्याच अध्यायात सगळे प्राणी यंत्रावर बसवल्यासारखे फिरवले जातात असे येते, आणि अवघ्या दोन श्लोकांनंतर कृष्ण अर्जुनाला सांगतो, की या सगळ्याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. पुष्कळांना ही विसंगती वाटते. मला ती वाटत नाही. यंत्र आणि इच्छा यांच्या मधोमध ‘विचार कर’ हा शब्द ठेवलेला आहे. अर्जुनाचे मन कारणांनी हलणारे नसते तर अठरा अध्यायांच्या उपदेशाने त्यात काय फरक पडला असता? उपदेश हे एक कारणच आहे, पण ते समजुतीच्या वाटेने काम करते. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये हे सारे मराठीत आणले, तेव्हापासून हा पेच मराठी माणसाच्या घरातला आहे.

आधुनिक मराठीत त्याची सर्वांत मोठी मांडणी टिळकांची. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये छापलेल्या ‘गीतारहस्या’त ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असे एक पूर्ण प्रकरण आहे. टिळकांचा प्रामाणिकपणा असा, की मन आणि बुद्धी ही प्रकृतीची कार्ये आहेत, त्यामुळे मनात उठणारी इच्छा कर्माच्या साखळीबाहेरची नाही, हे ते मान्य करतात. आजचा मेंदूशास्त्रज्ञ याहून अधिक काही मागत नाही. मग स्वातंत्र्य राहिले कुठे? टिळकांचे उत्तर: आत्म्यात. आत्मा प्रकृतीच्या पलीकडचा, म्हणून तोच स्वतंत्र; त्याची मोक्षाकडे जाणारी ओढ बुद्धीला वळण लावू शकते. पश्चिमेत कांटने जवळजवळ हीच वाट धरली होती. या उत्तराची उंची मान्य करूनही त्यातली अडचण सांगायला हवी. कारणांच्या बाहेर असलेला आत्मा कारणांत गुंतलेल्या बुद्धीला वळवतो, तेव्हा ते वळवणे हेही एक कारणच ठरते. मग तो साखळीबाहेर राहिला कसा? आणि वळवत नसेल, तर त्याच्या स्वातंत्र्याचा त्या माणसाला उपयोग काय? शिवाय सगळ्यांचा आत्मा एकच असेल, तर एकाने चोरी केली आणि दुसऱ्याने केली नाही, या फरकाचा हिशेब त्या आत्म्याच्या खात्यावर मांडता येत नाही. तो शेवटी बुद्धी, वळण आणि संगत यांच्याच खात्यावर येतो. टिळकांनी स्वातंत्र्य वाचवले खरे, पण ज्या माणसासाठी वाचवायचे होते त्याच्यापासून ते लांब नेऊन ठेवले.

काहीजण आत्म्याऐवजी भौतिकशास्त्राचा आधार घेतात: अणूंच्या पातळीवर जग पूर्णपणे नियत नाही, तेव्हा तिथे इच्छेला फट सापडते. ही वाट फार दूर जात नाही. माझ्या डोक्यात योगायोगाने काही उडाले आणि हात वर गेला, तर तो हात माझा स्वतंत्र निर्णय ठरत नाही. यदृच्छेने फिरलेला दगडही कोणाचा कौल नसतो.

तिसरी वाट सुसंगतिवादाची. इंग्रजीत तिला कॉम्पॅटिबिलिझम म्हणतात. कृतीला कारणे असणे आणि ती कृती मोकळेपणाने केलेली असणे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हा तिचा गाभा. १६४५ मध्ये टॉमस हॉब्जचा ब्रॅमहॉल या बिशपशी या विषयावर वाद झाला. त्यात हॉब्जची बाजू अशी होती, की अडथळा नसताना उतारावरून वाहणारे पाणी मोकळे असते, तसा आपल्या इच्छेप्रमाणे वागायला अडथळा नसलेला माणूस मोकळा असतो. ह्यूमने १७४८ मध्ये हेच अधिक बांधेसूद केले. यावरचा सर्वांत धारदार आक्षेप पीटर व्हॅन इन्वेगनने १९८३ मध्ये मांडला. आपण जन्मण्याआधीचे जग आपल्या हातात नव्हते, निसर्गाचे नियम आपल्या हातात नाहीत, आणि आपले वागणे जर या दोहोंतून अटळपणे निघत असेल, तर ते तरी आपल्या हातात कसे? याला सोपे उत्तर नाही. हॅरी फ्रँकफर्टने १९६९ मध्येच वेगळा मुद्दा काढला होता, की जबाबदारीसाठी दुसरा पर्याय उघडा असावाच लागतो असे नाही. समजा, एका मतदाराच्या डोक्यात कोणी गुपचूप यंत्र बसवले आहे. तो दुसऱ्या उमेदवाराकडे झुकू लागला तर ते त्याला परत फिरवेल. पण तो झुकलाच नाही. आपल्या विचाराने त्याने ठरलेल्यालाच मत दिले आणि यंत्राला काही करावे लागले नाही. दुसरे काही करणे त्याला शक्य नव्हते, तरी मत त्याचेच होते. म्हणजे पर्याय किती उघडे होते यापेक्षा कृती कोणत्या वाटेने आली, हे पाहावे लागते. १९७१ मध्ये फ्रँकफर्टने यात भर घातली: माणसाला केवळ इच्छा नसतात, आपल्या कोणत्या इच्छेने आपल्याला चालवावे याचीही इच्छा असते. देवीला दारू सोडण्याचा नवस बोलणारा माणूस हेच करतो. त्याला दारूची इच्छा आहेच, पण ती इच्छा आपल्यावर चालू नये असे त्याला वाटते, म्हणून तो उद्याच्या स्वतःला आजच बांधून ठेवतो.

आपले न्यायालय याच वाटेने विचार करते, आणि तेही तत्त्वज्ञानाचे नाव न घेता. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलातल्या कमांडर नानावटींनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. गंभीर आणि अचानक प्रक्षोभ झाला होता, असा बचाव होता. २४ नोव्हेंबर १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घड्याळ पाहिले. आहुजांशी संबंध असल्याची पत्नीची कबुली दुपारी साधारण दीडला, गोळ्या सव्वाचारनंतर. मधल्या काळात नानावटींनी बायकोमुलांना सिनेमागृहाशी सोडले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर मिळवले, आहुजांच्या कचेरीत गेले, मग त्यांच्या घरी गेले. रागाला कारण नव्हते असे न्यायालय म्हणाले नाही. एवढ्या वेळात विवेक परतायला वाव होता, असे म्हणाले. सातव्या वर्षाखालच्या मुलाला, किंवा आपण काय करतो आहोत हे मनाच्या आजारामुळे न कळणाऱ्याला कायदा गुन्हेगार मानत नाही, त्याचेही कारण हेच. दंड संहितेच्या ८२ आणि ८४ या कलमांतले हे नियम भारतीय न्याय संहितेतही तसेच आले आहेत. प्रौढाच्या मेंदूला कारणे कमी आणि मुलाच्या मेंदूला जास्त, असे कोणी म्हणत नाही. कारणे समजून त्यांप्रमाणे वागणे बदलण्याची शक्ती एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, हा खरा भेद आहे.

मेंदूशास्त्राने हा भेदच खोटा ठरवला, असे म्हणणारे बेंजामिन लिबेटच्या १९८३ च्या प्रयोगाकडे बोट दाखवतात. मनात येईल तेव्हा मनगट हलवा आणि ‘हलवावे’ असे कधी वाटले ते घड्याळावर पाहून सांगा, असे त्याने लोकांना सांगितले. हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी मेंदूत विद्युत-चढ सुरू होई. इच्छेची जाणीव मात्र हालचालीच्या सुमारे ०.२ सेकंद आधी येई. २००८ मध्ये जॉन-डिलन हेन्स आणि सहकाऱ्यांनी डावे बटण दाबले जाणार की उजवे, याचा अंदाज कित्येक सेकंद आधी मेंदूच्या प्रतिमांवरून बांधला. पण तो साधारण ६० टक्के वेळा बरोबर येई, आणि नाणे उडवले तरी ५० टक्के येतोच. पुढे खुद्द त्या विद्युत-चढाचाच अर्थ बदलला. २०१२ मध्ये आरोन शर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की मेंदूत सतत चाललेले बारीक चढउतार एका उंबरठ्यापाशी पोचतात तेव्हा हालचाल होते असे धरले, तरी मागे वळून पाहताना तसाच चढ दिसतो. तेव्हा तो आधीच झालेला निर्णय मानण्याचे कारण उरत नाही. २०१९ मध्ये उरी माओझ आणि सहकाऱ्यांनी आणखी नेमकी तुलना केली. लोकांना संस्थांना देणग्या देण्याचे निर्णय करायला लावले, काही निव्वळ मनमानी आणि काही खऱ्या परिणामांचे. मनमानी निर्णयांत तो चढ दिसला, विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयांत तो जवळजवळ नव्हताच.

लिबेटचे मनगट चिंतामणीवरच्या तळव्यासारखे आहे. आत्ता हलवावे की घटकाभराने, याला तिथे काहीच कारण नसते, म्हणून नकळत चाललेली हालचाल तिथे राज्य करते. पण त्यावरून साऱ्या निर्णयांची परीक्षा करता येत नाही. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला अनवाणी चालत येणाऱ्यांचा विचार करा. अंतर जवळजवळ ४५ किलोमीटर, पहाटेच्या गारव्यात डांबरी रस्ता, पायाला फोड. कोणते पाऊल कोणत्या क्षणी टाकायचे, हे त्यांच्यातले कोणीही ठरवत नाही. पाऊल पडल्यावर ते कळते. निर्णय झाला तो कधीतरी घरातल्या आजारपणात, बोलून, विचार करून. तो महिनोन्‌महिने टिकला, सुट्टी काढण्यात आणि शेतातले काम दुसऱ्यावर सोपवण्यात उतरला, आणि वाटेत थांबावेसे वाटले तेव्हा पुन्हा उभा राहिला. हा निर्णय अर्ध्या सेकंदाच्या फटीत शोधणाऱ्याला तो सापडणार नाही, कारण तो तिथे नसतोच.

सुसंगतिवादाला सर्वांत माणुसकीचे रूप दिले ते पी. एफ. स्ट्रॉसनने, १९६२ मध्ये. तो म्हणतो, जबाबदारी म्हणजे काय ते समजायला ब्रह्मांडाच्या घडणीकडे पाहू नका. माणसे एकमेकांवर रागावतात, कृतज्ञ होतात, क्षमा करतात, तिकडे पाहा. काही प्रसंगी आपण राग आवरतो, कारण समोरचा मूल आहे, आजारी आहे, त्या क्षणी तो तो नाही. तुळजापूरच्या आराधी परंपरेत हे स्पष्ट दिसते. गळ्यात कवड्यांची माळ घातलेल्या, अंगात आलेल्या बाईने घरातल्या मोठ्या माणसाला तोंडावर काही सुनावले, तर तो त्याचा दावा धरत नाही. वारे उतरले की तिला पाणी देतात आणि ती काय बोलली ते तिलाच सांगतात. तेच शब्द तिने दुसऱ्या दिवशी चुलीपुढे उच्चारले, तर मात्र घरात भांडण होईल. दोन्ही वेळच्या शब्दांना कारणे होती. यावर इच्छास्वातंत्र्याबद्दल शंका घेणारा संशयवादी म्हणतो, की रूढ आहे म्हणून एखादा व्यवहार योग्य ठरत नाही. अस्पृश्यता पाळणेही रूढ होते. आक्षेप रास्त आहे, आणि स्ट्रॉसन त्याला पुरेसे उत्तर देत नाही. आपल्या रागालोभांतले कोणते टिकवायचे आणि कोणते सोडायचे, हे वेगळे तपासावेच लागते.

ही तपासणी सर्वांत निर्दयपणे केली ती त्याच्याच मुलाने. गेलन स्ट्रॉसनचा युक्तिवाद चार वाक्यांत मावतो. तुम्ही वागता तसे वागता, कारण तुम्ही आहात तसे आहात. वागण्याची अंतिम जबाबदारी तुमची असायची तर तुम्ही जसे आहात त्याची जबाबदारीही तुमची हवी. त्यासाठी तुम्ही आधीच कोणीतरी असून स्वतःला घडवायला हवे होते. आणि त्या आधीच्या ‘तुम्ही’चे काय, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. डर्क पेरेबूमने २००१ मध्ये दुसरी बाजू धरली: मेंदूत लुडबुड करून एखाद्याला खुनी बनवले तर आपण त्याला दोष देत नाही, मग जन्म, घर, भूक आणि मार यांनी तसाच बनवला तर का द्यावा? रॉबर्ट सॅपोल्स्कीने २०२३ मध्ये याच मताच्या बाजूने जीवशास्त्राचा मोठा ढिगारा रचला. सुसंगतिवादी म्हणतात, लुडबुडीत माणसाची विचारशक्ती बाजूला सारली जाते, वाढीत ती घडते. ते खरे आहे, पण आक्षेपाचे मूळ त्याने हलत नाही. कोणीही स्वतःचा पहिला शिल्पकार नसतो. हा मुद्दा संशयवाद्यांनी जिंकला आहे, आणि सुसंगतिवादाच्या कैवाऱ्यांनी तो मोकळ्या मनाने देऊन टाकावा, असे मला वाटते.

मराठी वाचकाला या मुद्द्याचे वजन इतरांहून जास्त कळायला हवे. आपल्याकडचा रूढ कर्मसिद्धांत हा पात्रतेचा सर्वांत टोकाचा सिद्धांत आहे: जो जे भोगतो ते त्याने कमावलेलेच असते, या जन्मी नसेल तर मागच्या. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये याच्या मुळावर घाव घातला. गरीब आणि हीन मानलेल्या माणसाच्या स्थितीची जबाबदारी समाजाने आणि राज्याने टाळावी, याखेरीज अशा शिकवणुकीचा दुसरा हेतू दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पाश्चात्त्य संशयवादी आज ज्या पात्रतेच्या कल्पनेवर हल्ला करतात, तिचे आपले रूप हे आहे. ते कोसळले तर कोणीही रडू नये.

मग सुसंगतिवादात शिल्लक काय राहते? हा नुसता शब्दांचा खेळ आहे, लोकांना हवे ते स्वातंत्र्य काढून घेऊन त्याच नावाचे दुसरे काही हातात ठेवले जाते, अशी कांटपासूनची तक्रार आहे. तत्त्वज्ञांच्या २०२० च्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ५९ टक्के सुसंगतिवादाकडे झुकले, सुमारे १९ टक्के कारणमुक्त स्वातंत्र्याकडे आणि सुमारे ११ टक्के ‘इच्छास्वातंत्र्य नाही’ या मताकडे. बहुमताने असे प्रश्न सुटत नाहीत. सामान्य लोकांचे मत तर प्रश्न कसा विचारला त्यावर फिरते: अमूर्त विचारले तर ते नियत जगात जबाबदारी नाही म्हणतात, एखादा विशिष्ट क्रूर गुन्हा सांगितला तर आहे म्हणतात. इच्छास्वातंत्र्यावरचा विश्वास उडाला तर माणसे बिघडतील, ही भीतीही फार पुढे नेता येत नाही. २००८ मध्ये एका प्रयोगात तसा मजकूर वाचलेल्यांनी जास्त फसवणूक केल्याचे दिसले होते, पण पुढच्या पुनर्तपासण्यांत तो निष्कर्ष टिकला नाही. तेव्हा हा वाद शब्दकोशाने किंवा भीतीने मिटवण्यापेक्षा, कोणती कल्पना टाकली तर प्रत्यक्षात कोणाचे काय जाते, हे पाहून सोडवावा.

ते पाहायला तुळजापूरहून सोलापूरला जावे. पारधी, कैकाडी, टकारी, भामटे अशा जमातींना इंग्रजांनी जन्माने गुन्हेगार ठरवले. कायदा १८७१ चा, मुंबई इलाख्यात तो १९११ नंतर नीट लागू झाला. सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. (तुळजापूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते.) आत राहणाऱ्यांना हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय बाहेर जाणे हाच गुन्हा होता. या लोकांना डांबले ते त्यांनी काही केले म्हणून नव्हे; ते काय करतील याचा अंदाज त्यांच्या जन्मावरून बांधला गेला म्हणून. या जगण्याची कथा सांगणाऱ्या लातूरच्या लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आता पेरेबूम आणि ग्रेग करुसो शिक्षेऐवजी काय सुचवतात ते पाहा: साथीच्या रोग्याला दोष न देता वेगळे ठेवतो, तसे धोकादायक माणसाला दोष न देता वेगळे ठेवावे, तेही कमीत कमी त्रास देऊन. त्यांचा हेतू चांगला आहे, आणि सेटलमेंटचा क्रूरपणा ते धिक्कारतील यात शंका नाही. पण निरपराध माणसाला कुंपणापासून वाचवणारे तत्त्व त्यांच्याकडे कोणते? धोका मोजून वेगळे ठेवायचे, तर कृतीची वाट पाहायचे कारण उरत नाही. ‘मी काही केलेले नाही’ या वाक्याला वजन तेव्हाच येते, जेव्हा समजून-उमजून केलेले आणि न केलेले यांत आपण फरक मानतो. जबाबदारीची कल्पना अपराध्याला दोष देण्यासाठी लागते, तितकीच निरपराध्याची ढाल म्हणूनही लागते. सुसंगतिवादाने राखलेली गोष्ट ती हीच, आणि ती सोडून देण्याइतकी किरकोळ नाही.

उलटा प्रयोगही महाराष्ट्रातच झाला. औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस आटपाडीजवळ एक खुली वसाहत काढली. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे तटबंदीशिवाय, शेती करत राहू लागले. नाव स्वतंत्रपूर. व्ही. शांतारामांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागची प्रेरणा हीच वसाहत, तिची कथा त्याच परिसरातल्या माणदेशचे ग. दि. माडगूळकर यांची. हे कैदी निर्दोष होते असे कोणी म्हटले नाही. गुन्हा त्यांनीच केला होता, जबाबदारी त्यांचीच होती, आणि तरीही त्यांना यातना देण्यात कोणाचे भले नव्हते. ते कारणांना, विश्वासाला, कामाला प्रतिसाद देऊ शकतात, एवढ्यावर सारी व्यवस्था उभी होती. जबाबदारी मानायची आणि सूड सोडायचा, हे एकत्र जमते याचा तो पुरावा. ज्याने समजून केले नाही त्याला शिक्षा नाही, हे सुसंगतिवादाकडून घ्यावे. ज्याने केले त्याने यातना भोगल्याच पाहिजेत असे मात्र नाही, हे संशयवादाकडून.

या दोन्ही गोष्टी आपल्या कायद्यात अजून अर्धवटच उतरल्या आहेत. भारतीय न्याय संहितेने १ जुलै २०२४ पासून समाजसेवा ही शिक्षा आणली, पण ती थोड्या किरकोळ गुन्ह्यांपुरती. फाशी कायम आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचे, ही सवय गेलेली नाही. आपण आधी ती सोडू या.